गाडी नंबर ९९९ची नोंदवही

वाफेचं इंजिन

जपानच्या सरकारी रेल्वेनं वाफेवर ओढलेली शेवटची प्रवासी गाडी १४ डिसेंबर १९७५ला होक्काइदो बेटावर धावली. दहा दिवसांनी शेवटची मालगाडी गेली. यार्डात डबे इकडचे तिकडे करण्यापुरती काही जुनी इंजिनं मागे राहिली होती, त्यांचीही आग २ मार्च १९७६ला विझली. आणि १९७७च्या जानेवारीत, म्हणजे वर्षही उलटायच्या आत, 'शोनेन किंग' नावाच्या मुलांच्या साप्ताहिकात एक चित्रमालिका सुरू झाली. तिच्यात एक काळंकुळकुळीत वाफेचं इंजिन रूळ सोडून आभाळात चढत होतं.

'गिंगा तेत्सुदो ९९९', आकाशगंगेची रेल्वे. चित्रकार मात्सुमोतो लेइजी. १४ सप्टेंबर १९७८पासून ती फुजी टीव्हीवर आली आणि दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता दिसत राहिली. २६ मार्च १९८१पर्यंत ११३ भाग झाले. रॉकेटं आणि महाकाय यंत्रमानव यांनी मुलांचे कार्यक्रम भरून गेले होते, त्या दिवसांत तोएई ॲनिमेशननं मुलांना दिली ती नुकतीच मोडीत निघालेली गाडी.

गाडी काल्पनिक असली तरी इंजिन खरं होतं. सी-६२ जातीचं. ही इंजिनं १९४८-४९ या दोन वर्षांत बांधली. युद्धानंतर देश कंगाल, पोलादाचा तुटवडा; म्हणून युद्धकाळात मालगाड्यांसाठी बनवलेल्या डी-५२ इंजिनांचे बॉयलर काढून ते नव्या सांगाड्यावर चढवले. या जुळवाजुळवीतून जपानचं सगळ्यात मोठं प्रवासी इंजिन तयार झालं. त्यातल्या १७ नंबरच्या इंजिनानं १५ डिसेंबर १९५४ला ताशी १२९ किलोमीटरचा वेग गाठला. जपानमधल्या वाफेच्या इंजिनांचा तो विक्रम. एकूण इंजिनं बांधली ४९. टीव्हीवरच्या मालिकेत इंजिनावरच्या पाटीवर नंबर आहे ५०. ते इंजिन कुठल्याच कारखान्यातून बाहेर पडलं नव्हतं, तेव्हा भंगारातही गेलं नाही.

उरलेली पाच: तीन क्योतोच्या रेल्वे संग्रहालयात, एक नागोयाच्या, एक होक्काइदोत. क्योतोतल्या २ नंबरच्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंना, धूर वर ढकलणाऱ्या उभ्या पत्र्यांवर, चकचकीत धातूची भिंगरी पक्ष्याची आकृती आहे. 'त्सुबामे', म्हणजे भिंगरी, या नावाच्या वेगवान गाडीची ती खूण. गाडी गेली, भिंगरी राहिली.

आपल्याकडे ब्रॉडगेजवरचं नियमित वाफेचं इंजिन थांबलं १९९५मध्ये, जपाननंतर वीस वर्षांनी. म्हणून आज चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळ मराठी माणसांना डोळ्यात कोळशाचा कण जाणं म्हणजे काय हे ठाऊक आहे. त्या वयाच्या जपानी माणसाला बहुधा नाही. त्याला ते इंजिन भेटलं ते थेट अंतराळातच.

हाडामांसाचं शरीर

गोष्ट थोडक्यात अशी. पुढच्या कुठल्याशा शतकात श्रीमंतांनी यंत्राची शरीरं घेतली आहेत. ते मरत नाहीत. ज्यांना ती परवडत नाहीत ते मरतात, आणि यंत्रमाणसं मौजेखातर त्यांची शिकारही करतात. होशिनो तेत्सुरो नावाच्या पोराची आई अशीच एका यंत्र-सरदाराच्या बंदुकीला बळी पडते. ९९९ नंबरच्या गाडीनं शेवटच्या स्थानकापर्यंत गेलं की यंत्राचं शरीर फुकट मिळतं, असं सगळे सांगतात. पण तिकिटाचे पैसे आणायचे कुठून? लांब काळा कोट, काळी केसाळ टोपी आणि कमरेखाली उतरणारे सोनेरी केस अशी मेतेल नावाची बाई त्याच्या हातात पास ठेवते. अट एकच, प्रवासात तिला बरोबर घ्यायचं. तिचा चेहरा थेट त्याच्या आईसारखा.

मग एकामागून एक ग्रह. गाडी प्रत्येक स्थानकावर त्या ग्रहाच्या एका दिवसाइतकी थांबते. ग्रह स्वतःभोवती गरगर फिरत असेल तर थांबा घटकाभराचा, रेंगाळत फिरत असेल तर मुक्काम लांबतो. विज्ञानाचा एवढा नियम ही मालिका कसोशीनं पाळते. बाकी आनंदच. इंजिन पोकळीत धूर सोडतं, आणि शिट्टी ऐकूही येते. ज्यांना याचा त्रास होतो त्यांनी खुशाल दुसरं काही पाहावं. वैज्ञानिक अचूकतेनं भरलेल्या आणि कुणालाही न आठवणाऱ्या मालिका पुष्कळ आहेत.

प्लूटोवर गाडी थांबते तेव्हा तेत्सुरोला बर्फाखाली माणसं दिसतात. यंत्राचं शरीर घेताना मागे टाकलेली मूळ शरीरं तिथे पुरलेली आहेत. शॅडो नावाची, चेहरा नसलेली एक बाई त्यांची राखण करते. तिचं स्वतःचं शरीरही त्या बर्फात आहे, सुंदर आणि तरुण. आपल्याला मनाजोगा चेहरा यंत्रात मिळेना म्हणून ती त्या बर्फाला धरून बसली आहे. मुलांच्या कार्यक्रमात, जेवणाच्या वेळेला, हे दाखवत होते.

शेवटच्या स्थानकावर तेत्सुरोला फुकट शरीराचा खरा अर्थ कळतो. त्याचं यंत्र होणार, पण माणसाच्या आकाराचं नव्हे. त्या यंत्रग्रहाला जिवंत, जिद्दीच्या माणसांपासून बनवलेले सुटे भाग लागतात. तेत्सुरोच्या वाट्याला आलंय एक स्क्रू होणं.

तो नाही म्हणतो. मरणारं शरीरच बरं.

ज्यांनी हे आठव्या-दहाव्या वर्षी पाहिलं ते आज पन्नाशी-साठीत आहेत. टोकियोच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे एक गृहस्थ त्यांतले. निवृत्तीला थोडेच दिवस राहिलेत. मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसवल्यावर कामावर आले तेव्हा मी तब्येतीची चौकशी केली. ते म्हणाले, "तेत्सुरोला तोंड दाखवायची सोय राहिली नाही बघा. पण दिसतं मात्र छान." आणि पुढे, जरा थांबून, "गुडघ्यांचाही विचार चाललाय."

कोकुरा ते टोकियो, एक दिवस एक रात्र

मात्सुमोतो यांचा जन्म १९३८चा, क्युशू बेटावरच्या कुरुमे गावचा. वडील लष्करी वैमानिक. युद्धानंतर कुटुंब कोकुराला आलं. पंधरा-सोळा वर्षांचा असताना या मुलाची एक मधमाशीची चित्रकथा 'मांगा शोनेन' मासिकात छापून आली, आणि अठराव्या वर्षी तो चित्रकार व्हायला वाफेच्या गाडीनं टोकियोला निघाला. जवळजवळ चोवीस तासांचा प्रवास. '९९९'चं बीज त्या प्रवासात आहे, असं त्यांनी पुढे वारंवार सांगितलं. मियाझावा केंजी यांची आकाशगंगेतल्या रात्रीच्या रेल्वेची कथा, जी १९३३मध्ये लेखक गेल्यावर छापली गेली, तीही या मालिकेच्या मुळाशी आहे. पण केंजींची गाडी मेलेल्यांना घेऊन जाते. मात्सुमोतोंची गाडी गरीब घरच्या पोराला मोठ्या शहराकडे नेते. मला तरी दोन्हींत हा फरक साम्यापेक्षा मोठा वाटतो.

आज कोकुराहून शिनकान्सेन पकडली की पावणेपाच तासांत टोकियो. रात्रभर चालणाऱ्या गाड्या एकेक करून गेल्या. टोकियो-ओसाकामधली रात्रीची एक्स्प्रेस १९४९पासून चालत होती आणि तिचं नावच 'गिंगा', आकाशगंगा, होतं. ती मार्च २००८मध्ये बंद झाली. टोकियोहून क्युशूला जाणाऱ्या निळ्या शयनगाड्यांतल्या शेवटच्या दोन, 'हायाबुसा' आणि 'फुजी', मार्च २००९मध्ये थांबल्या. शेवटच्या दिवशी फलाटावर तुडुंब गर्दी होती. गाडीला नेमानं प्रवासी असते तर ती बंदच झाली नसती, हे त्या गर्दीतल्या प्रत्येकाला ठाऊक असणार.

'गिंगा' हे नाव २०२०पासून पश्चिमेकडे एका नव्या पर्यटक गाडीला दिलं आहे. ती चांगली असेलही. पण नाव पुन्हा वापरलं म्हणून जुनी गाडी गेलेल्या गोष्टींच्या या यादीतून खोडता येत नाही.

उघडणारी खिडकी

'९९९'चे डबे बाहेरून तपकिरी, आत समोरासमोर बाकं, मध्ये खिडकी. फलाटावरचा माणूस आणि डब्यातला माणूस शेवटच्या क्षणापर्यंत बोलू शकतात. निरोपाचे निम्मे प्रसंग या खिडकीमुळे शक्य होतात. शिनकान्सेनची खिडकी उघडत नाही. निरोप देणारे काचेबाहेरून हात हलवतात आणि गाडी सुटल्यावर फोनवर बोलतात. १९७९च्या चित्रपटाच्या शेवटी मेतेल गाडीत आहे आणि तेत्सुरो फलाट संपेपर्यंत गाडीबरोबर पळतो आहे. आता फलाटाला कठडे आलेत, आणि स्वयंचलित दारं.

जेवणाचा डबा

क्लेअर ही '९९९'च्या जेवणाच्या डब्यातली वाढपी. तिचं शरीर पारदर्शक स्फटिकाचं आहे; आईच्या हौसेपायी तिला ते घ्यावं लागलं. पगार साठवून स्वतःचं मूळ शरीर परत विकत घ्यायचं म्हणून ती नोकरी करते. तेत्सुरोला वाचवताना ती फुटते. त्याच्या हातात उरतो काचेचा एक थेंब.

मालिकेतली सगळ्यात लाडकी दुय्यम पात्रं कोणती असं विचारलं तर अंतराळातला चाचा कॅप्टन हारलॉक याच्या आधी अनेक जण क्लेअरचं नाव घेतात. दहा-बारा मिनिटांचं पात्र. मला वाटतं, कारण तिची अडचण मुलांना पूर्ण कळत होती. मोठ्यांनी आपल्यासाठी घेतलेला निर्णय, आणि तो बदलायला लागणारे पैसे.

शिनकान्सेनमधले जेवणाचे डबे २०००च्या मार्चमध्ये संपले. ढकलगाडीवरून चहा-कॉफी, डबे आणि दगडासारखं घट्ट आइस्क्रीम विकणाऱ्या मुली टोकियो-ओसाका मार्गावर पुढेही दिसत होत्या; ३१ ऑक्टोबर २०२३ला त्याही थांबल्या. माणसं मिळत नाहीत आणि लोक स्थानकातूनच घेऊन येतात, ही कारणं. दोन्ही खरीच आहेत. या एका बाबतीत आपण पुढे आहोत असं म्हणायला हरकत नाही: १९३०पासून धावणाऱ्या डेक्कन क्वीनला २०२२मध्ये नवे डबे आले तेव्हाही जेवणाचा डबा ठेवला. खंडाळ्याचा घाट आणि ऑम्लेट ही जोडी मोडण्याची कुणाची छाती झाली नाही.

पुठ्ठ्याचं तिकीट

जाड, बोटभर लांबीचं, कडा बोथट झालेलं. तारखेचा शिक्का दाबायचं यंत्र, त्याचा खट्ट आवाज. दोन्ही देशांत होतं, दोन्ही देशांतून गेलं. तेत्सुरोचा पास मात्र बेमुदत आहे आणि त्याच्यावर त्याचं नाव आहे. त्यामुळे तो चोरायला प्रत्येक ग्रहावर कुणी ना कुणी टपलेलं असतं.

गुरुवार, संध्याकाळी सात

एखादी गोष्ट ठरल्या वेळी एकदाच दाखवतात आणि चुकली की चुकली, ही अवस्था. घरच्या घरी ध्वनिचित्रफीत भरायचं यंत्र बाजारात आलं होतं. ऑक्टोबर १९७६मध्ये आलेल्या पहिल्या व्हीएचएस यंत्राची किंमत होती २,५६,००० येन. नव्या नोकरदाराचा अडीच महिन्यांचा पगार म्हटला तरी चालेल. मुलांच्या कार्यक्रमासाठी ते कोण घेणार? मग पोरं साध्या कॅसेट रेकॉर्डरचा माईक टीव्हीच्या जाळीसमोर धरून नुसता आवाज भरून घ्यायची. घरात सगळ्यांनी अर्धा तास गप्प बसायचं असा फतवा.

शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी असे कितीतरी भाग भरले होते. गुरुवारी भरायचं आणि पुढच्या गुरुवारपर्यंत ऐकत राहायचं. मेतेल बोलण्याआधी किती वेळ थांबते, कुठल्या वाक्याला गाडी रूळ बदलते, संगीत कुठे तुटून जाहिरात लागते, हे त्यांना पाठ. कॅसेटची बाजू मधल्या जाहिरातीतच उलटायची, हेही शास्त्र. पुढे डीव्हीडी आल्या आणि त्यांनी तीस वर्षांनी चित्रांसकट मालिका पुन्हा पाहिली. "कशी वाटली?" मी विचारलं.

"चित्रं जरा मध्ये मध्ये येतात," ते म्हणाले.

ज्या टीव्हीसमोर माईक धरायचे तो टीव्हीही राहिला नाही. २४ जुलै २०११च्या दुपारी बारा वाजता जपानमधलं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण थांबलं. भूकंप आणि त्सुनामीनं झोडपलेल्या ईशान्येकडच्या तीन जिल्ह्यांना तेवढी पुढच्या मार्चपर्यंत सवलत दिली होती. काचेच्या फुगीर पडद्याचे लाखो संच एका उन्हाळ्यात निकाली निघाले.

कागद

'शोनेन किंग' १९८८मध्ये बंद पडलं. मालिकांच्या गोष्टी आणि गाणी लवचीक पातळ तबकड्यांसकट छापणारी असाही सोनोरामा ही प्रकाशनसंस्था २००७मध्ये. 'ॲनिमेज' मासिक १९७८मध्ये निघालं, तेव्हा मुलांची चित्रमालिका हा प्रौढांनी गंभीरपणे लिहायचा विषय असू शकतो ही कल्पनाच नवी होती. ते अजून निघतं.

सेल

याच्यावर जरा जास्त थांबायला हवं.

नाकानो ब्रॉडवे या टोकियोतल्या जुन्या बाजारसंकुलात जुनी मांगा आणि खेळणी विकणारी दुकानं आहेत. तिथे फायलींत घालून ठेवलेले सेल मिळतात. सेल म्हणजे ॲसिटेटचा पारदर्शक पातळ पत्रा. टीव्हीवर आपल्याला दिसलेलं प्रत्येक हलणारं चित्र एके काळी अशा पत्र्यावर हातानं रंगवलेलं होतं. कडेला तीन भोकं, मधलं गोल, बाजूची दोन लांबट. सगळे पत्रे एकाच जागी बसावेत म्हणून त्यांत खुंट्या घालत. कोपऱ्यात अक्षर आणि आकडा. समोरून पाहिलं तर मेतेलचा चेहरा गुळगुळीत, एकसारखा. उलटा करा. पाठीमागून रंगाचे थर चढलेले दिसतात, कुंचल्याचे फराटे, केसांचा पिवळा रंग कोटाच्या काळ्यावर किंचित सांडलेला, आणि डोळ्यांच्या जागी रंगाचा छोटासा उंचवटा. चेहऱ्याचा सगळा नीटनेटकेपणा समोरच्या बाजूला आहे. मागे कुणीतरी घाईत काम संपवलं आहे, कारण असे हजारो पत्रे एका भागाला लागत आणि भाग दर आठवड्याला द्यायचा असे.

रेघा कुंचल्यानं ओढलेल्या नाहीत. कागदावरचं पेन्सिलचं चित्र कार्बनच्या साहाय्यानं यंत्रातून पत्र्यावर उमटवत. या कार्बनच्या रेघा उजेडात फिकट होत जातात. मेतेलच्या पापण्या फार लांब, आणि त्या नुसत्या रेघांच्याच. दुकानातल्या एका सेलवर त्या तांबूस झाल्या होत्या. रंग सगळा जागच्या जागी, फक्त पापण्या उडत चाललेल्या.

आणि वास. फाइल उघडली की व्हिनेगरचा वास येतो. ॲसिटेट दमट हवेत कुजतं तेव्हा त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि ते आम्ल कुजणं आणखी वाढवतं. एक खराब पत्रा शेजारच्यांनाही लावतो. आधी वास, मग पत्रा आक्रसतो, लाटा पडतात, रंग सुटतो. थंड, कोरड्या हवेत ठेवलं तर हे लांबवता येतं. थांबवता येत नाही.

त्या काळी चित्रीकरण झालं की सेलचं काम संपायचं. स्टुडिओच्या हिशेबी तो कारखान्यातला कचरा होता, उचलून न्यायला पैसे पडायचे. काही पत्रे दारात आलेल्या पोरांना वाटून टाकत. आज जे बाजारात आहे ते त्या कचऱ्यातून वाचलेलं. तोएईनं १९९७मध्ये संगणकावर रंगवायला सुरुवात केली आणि चार-पाच वर्षांत जवळजवळ सगळ्यांनी सेल सोडले. शेवटपर्यंत टिकून राहिली ती 'साझाए-सान', १९६९पासून दर रविवारी चाललेली घरगुती मालिका. तिनंही २०१३च्या सप्टेंबरात सेलला रामराम केला. २०१७मध्ये ॲनिमे आणि तोकुसात्सु, म्हणजे विशेष दृश्यांच्या करामतीचे चित्रपट आणि मालिका, यांच्या जुन्या सामानाच्या जतनासाठी एक संस्था निघाली, दिग्दर्शक आन्नो हिदेआकी तिच्या मागे उभे आहेत. रेखाटनं, पार्श्वचित्रं, प्रतिकृती, जे सापडेल ते ती गोळा करते.

इथे मालिकेशीच भांडण सुरू होतं. न मरणारं शरीर नको, असं ज्या मालिकेनं ११३ भाग सांगितलं, तिचे चाहते तिच्या सेलला मरू द्यायला तयार नाहीत. शेजारच्या टेबलाचं मत यावर ठाम आहे. ते सेल विकत घेत नाहीत. परवडत नाही म्हणून नव्हे. प्लूटोच्या बर्फाखाली आणखी एक प्रेत कशाला, असं म्हणतात. मला हे पटत नाही. तेत्सुरोनं नाकारलं ते मालकाच्या यंत्रातला स्क्रू होणं. आईची आठवण नाकारलेली नाही. क्लेअरचा काचेचा थेंब तो खिशात ठेवतोच की. रंगवणाऱ्या बायकांची नावं मालिकेच्या श्रेयनामावलीत भुर्रकन जातात, आणि त्यांच्या हाताचा पुरावा म्हणून हे आंबट वासाचे पत्रेच उरलेत. ते राखले पाहिजेत, फ्रिजमध्ये ठेवून का होईना.

चित्रपटाची फोर-के आवृत्ती निघाली आहे. तीत रिंतारो यांनी दिग्दर्शित केलेली ती शेवटची धाव इतकी स्वच्छ दिसते की पार्श्वचित्रावरचे कुंचल्याचे फटकारे मोजता यावेत. जुन्या प्रतीत फिल्मवरचे धुळीचे कण आगगाडीच्या ठिणग्यांत मिसळून जायचे. आता ठिणग्या तेवढ्या उरल्या.

आवाज

गाडीचा कंडक्टर: गणवेशाच्या आत शरीरच नाही, टोपीखाली अंधार आणि दोन पिवळे डोळे. सगळे नियम पाठ, मनानं भित्रा आणि भला. त्याचा आवाज किमोत्सुकी कानेता यांचा. तेच 'डोरेमॉन'मधल्या सुनिओचा जपानी आवाजही होते, म्हणजे मराठी घरांतल्या पोरांना ज्याचा चेहरा पाठ आहे त्या फुशारक्या मारणाऱ्या मुलाचा. ते २०१६च्या ऑक्टोबरात गेले. चित्रपटात शेवटचं निवेदन करणारे जो तात्सुया १९९५मध्ये. टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीताचे संगीतकार हिराओ मासाआकी २०१७मध्ये.

तेत्सुरोचा आवाज नोझावा मासाको यांचा. जन्म १९३६. पोरांचे आवाज काढण्यात त्यांची हयात गेली. १९८६पासून त्या 'ड्रॅगन बॉल'मधला गोकूही आहेत. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या बाईंच्या गळ्यातून दहा वर्षांचा मुलगा बाहेर येतो, आणि त्यात यंत्राचा काही संबंध नाही. मालिकेच्या बाजूनं याहून चांगला साक्षीदार कोण असणार.

रंगवलेल्या गाड्या

तोएईचा स्टुडिओ टोकियोच्या नेरिमा भागात, ओइझुमी-गाकुएन स्थानकाजवळ. मात्सुमोतोही त्याच परिसरात राहत. स्थानकात कंडक्टरचा पुतळा बसवून त्याला मानद स्टेशनमास्तर केलं, आणि २००९पासून गाडी सुटताना '९९९'ची धून वाजू लागली. त्याच वर्षी सेइबु रेल्वेनं एक अख्खी लोकल मेतेल-तेत्सुरोच्या चित्रांनी रंगवली. ती गाडी जुनी झाली, २०१४मध्ये निघाली. २०१६मध्ये दुसरी रंगवली. २०१९मध्ये तीही पुसली. सकाळी साडेआठच्या गर्दीत मेतेलचा चेहरा दाराच्या फटीत दुभंगायचा आणि आत माणसं कोंबली जायची. यंत्राचे सुटे भाग व्हायला निघालेली, असं म्हणायचा मोह होतो, पण मीही त्यातच होतो.

कोकुरा स्थानकाबाहेर पुतळे आहेत, गावात २०१२पासून मांगा संग्रहालय आहे, मोनोरेलवरही ९९९ आहे. जपान समुद्राकाठच्या त्सुरुगा बंदरानं १९९९मध्ये शंभरीनिमित्त रस्त्याकडेला कांस्याचे २८ पुतळे उभे केले, काही '९९९'मधले, काही 'यामातो' या अंतराळ-युद्धनौकेच्या मालिकेतले. त्यांच्यावर बर्फ पडतं, लोक त्यांच्या शेजारी सायकली लावतात. हे मला आवडतं. कौतुक अति होतं ते किताक्युशूच्या विमानतळावर: तिथे प्रवाशांना माहिती द्यायला मेतेलचा यंत्रमानव बसवला. म्हणजे यंत्राचं शरीर घेऊ नकोस असं सांगून गेलेल्या बाईलाच. हे ठरवणाऱ्या समितीत एकानंही मालिका शेवटपर्यंत पाहिली नसावी.

मात्सुमोतो लेइजी

१३ फेब्रुवारी २०२३. वय ८५. '९९९'ची चित्रकथा त्यांनी १९९६मध्ये पुन्हा हाती घेतली होती, गाडी पुन्हा सुटली होती. ती शेवटच्या स्थानकाला पोचली नाही.

पाहायची असेल तर

चित्रपट आधी पाहावा, १९७९चा. दोन तासांहून थोडा मोठा आहे आणि त्या वर्षी जपानी चित्रपटांत सगळ्यात जास्त कमाई त्यानं केली. तो लागला ४ ऑगस्टला. तीनच दिवस आधी, १ ऑगस्टला, सरकारी रेल्वेनं यामागुचीच्या मार्गावर पर्यटकांसाठी वाफेची गाडी पुन्हा सुरू केली होती. ती अजून चालते. चित्रपटाचा दुसरा भाग १९८१चा. तो नाही पाहिला तरी चालेल, मी तरी पुन्हा पाहत नाही.

टीव्हीवरचे ११३ भाग ओळीनं पाहू नयेत. कुणीच ते तसे पाहिले नव्हते, मध्ये आठवडा असायचा. काही भाग कंटाळवाणे आहेत. ग्रह बदलतो, धडा तोच राहतो. ते सोडून द्यावेत. प्लूटोचा आणि क्लेअरचा सोडू नये. आणि एखादा भाग डोळे मिटून नुसता ऐकून बघावा, असं शेजारच्या टेबलावरून सांगणं आहे.